सातव्या चित्राचा कोपरा

प्रिय मीरा, प्रिय विनू,

तुमची शाळेतली चित्रं पोचली. मीराचं घर आणि विनूची आगबोट, दोन्ही माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवली आहेत. दोघांनीही खाली उजव्या कोपऱ्यात आपापलं नाव टपोऱ्या अक्षरांत लिहिलं आहे. आई लिहिते की तिथल्या बाईंचा तसा नियमच आहे: चित्र ज्याचं, कोपऱ्यात नाव त्याचं. नियम चांगला आहे. मी शाळा तपासत हिंडत असे तेव्हा मुलांना हेच सांगत होते. पण यंदाच्या वैशाखात मी चार दिवस वैनगंगेपलीकडे जाऊन आले, आणि तेव्हापासून चित्राचा तो कोपरा दिसला की मला एका दुसऱ्याच घराची आठवण येते. ते घर तुम्ही पाहिलेलं नाही, म्हणून हे लांब पत्र.

आधी यमुना कोण ते सांगते. आठ वर्षांपूर्वी, नोकरीत असताना, मी चांदा जिल्ह्यातल्या एका ढिवरांच्या गावी शाळा तपासायला गेले होते. ढिवर म्हणजे तळ्यात आणि नदीत मासे धरणारे लोक. मुलांना गणित घालून मी फिरत होते, तर दहा वर्षांच्या एका मुलीच्या पाटीवर गणिताच्या जागी मीच होते: चष्मा, छत्री, काखेत वही, आणि तोंड मात्र मरळ माशाचं. मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. मी पाटी हातात घेऊन पुष्कळ वेळ पाहिली. छत्रीची एक काडी तेव्हा मोडलेली होती, आणि तीही तिने मोडलेलीच काढली होती.

ती यमुना. तिच्या वडिलांशी बोलून मी तिला चांद्याच्या मुलींच्या वसतिगृहात आणलं. यंदा ती मॅट्रिकला बसली. सरकारी चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा तिने आधीच दिल्या होत्या, आणि आता तिला चित्रकलाच शिकायची होती. पश्चिमेकडच्या एका विद्यापीठाने चित्रकलेचा पदवीचा वर्ग सुरू केल्याचं कळलं, म्हणून मी अर्जाचा नमुना मागवला. तो माझ्या जुन्या बिऱ्हाडी गेला आणि तिथून फिरत फिरत आला, तेव्हा मुदतीला आठ दिवस उरले होते. यमुनेच्या गावाला टपाल पोचायलाच तीन-चार दिवस लागतात. अर्जाला वडिलांची सही हवी होती, सहा चित्रं हवी होती, आणि अर्जदाराला पाच वर्षांहून जास्त ओळखणाऱ्या व्यक्तीने चित्रं स्वतः पाहून दिलेला दाखला हवा होता. ती व्यक्ती मीच. मी तिला एक पत्र टाकलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच निघाले.

नागभीड

नागपूरहून नागभीडला जाणारी गाडी अरुंद रुळांची आहे. तुमच्याकडच्या बागेतल्या खेळगाडीची थोरली बहीण म्हणा. ती इतक्या सावकाश जाते की बाहेरच्या पळसाची पानं मोजता यावीत. नागभीडला गाडी बदलायची असते. माझ्या सामानाच्या तीन नगांवर मी नाव, गाव आणि क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठ्या शिवल्या होत्या. हमालाने पहिला आणि तिसरा नग माझ्या डब्यात ठेवला आणि दुसरा, म्हणजे माझी वळकटी, समोरच्या गोंदियाच्या गाडीत. गोंदियाची गाडी हलली तेव्हा वळकटी मला तिच्या खिडकीत दिसली. चिठ्ठी अगदी स्वच्छ वाचता येत होती.

स्टेशनमास्तर म्हणाले, "बाई, नाव लिवलं आहे नं? मंग काई जात नाई. गोंदिया पाहून येईल."

माझ्याजवळ उरली ती कपड्यांची पिशवी आणि कागदांची पत्र्याची नळी. नळी मी कुणाच्याच हाती दिली नव्हती.

मूल या गावी उतरून पुढे सर्व्हिसगाडी, म्हणजे प्रवासी मोटार. ड्रायव्हरने मला आपल्या शेजारी जागा दिली, आणि ती देऊन झाल्यावर चौकशी सुरू केली.

"एकट्याच जाऊन राह्यल्या काय जी? काऊन?" काऊन म्हणजे का.

"एक अर्ज भरायचा आहे."

"अर्ज त कचेरीत भरते."

"या अर्जाची कचेरी माझ्या पिशवीत आहे," मी म्हटलं.

मागे मोहफुलांची टोपली मांडीवर घेतलेली एक बाई होती. सगळ्या गाडीत त्या फुलांचा गोड, जरा डोक्यात चढणारा वास भरला होता. तिने विचारलं, "कायचं शिक्षण आहे बाई?"

"चित्र काढायचं."

"त्याले शिकाव लागते काय? आमच्या इथी लगनात बाया भितीवर काढतेत. कोणी शाळेत नाई गेलं."

"विद्यापीठ म्हणतं शिकावं लागतं."

तिने विचार केला. "मंग शिको बापा," ती म्हणाली आणि मला मूठभर टेंभरं दिली. ही तेंदूची फळं. पानांच्या विड्या होतात आणि फळं जंगलातली माणसं, अस्वलं आणि शाळा तपासणाऱ्या बाया खातात. चिकूसारखी लागतात, पण जिभेवर थोडा कोरडेपणा ठेवून जातात.

नदी

वैशाखात वैनगंगा म्हणजे अर्धा मैल वाळू आणि मधे एक निळी पट्टी. वाळूतून बैलगाडीने गेले. बैलांचे पाय खुरांच्या वरपर्यंत रुतत होते, म्हणून शेवटचा तुकडा मी उतरून चालले. चपलेत वाळू गेली ती तव्यावरची. पाण्याच्या पट्टीवर डोंगा होता, एकाच झाडाचं खोड कोरून केलेला. डोंगेवाला म्हातारा म्हणाला, "बाई, मधात बसा. छत्री मिटा, वारा धरते."

"ऊन लागेल."

"ऊन लागन त वाचान. छत्री उघडली त आपण तिघंबी मासोळ्याइच्या घरी जेवाले."

तिघं म्हणजे तो, मी आणि एक शेळी. मी छत्री मिटली. आठ वर्षांपूर्वी याच जागी मी लाकडी मचव्यातून सरकारी पट्टेवाल्यासह गेले होते आणि मला कुणी छत्री मिटायला सांगितलं नव्हतं. निवृत्तीनंतर माणसाला खरं बोलणारे लोक भेटू लागतात.

बोडी

बोडी म्हणजे लहान तळं. यमुनेचं गाव तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आहे आणि आजूबाजूचे सगळे त्याला बोडीचं गाव म्हणतात. पाळीवर मोहाची झाडं, खाली धानाची बांधी, म्हणजे भाताची शेतं, आता मोकळी आणि भेगाळलेली. उन्हाळ्यात पाणी आटून तळं मधोमध आलेलं असतं, आणि लोक कमरेइतक्या पाण्यात रांगेने उभे राहून जाळी ओढतात.

यमुना मला पाळीवरच भेटली. अठरा वर्षांची, उंच, केस घट्ट बांधलेले, आणि बोटांना काजळी. माझं पत्र तिला मिळालं नव्हतं. ते मी परत निघायच्या सकाळी आलं, आणि तिने ते माझ्यासमोर बसून मोठ्याने वाचलं: "मी लवकरच येत आहे."

तिचे वडील डोमाजी तळ्यातून ओलेच आले. माझ्यापुढे हात जोडून म्हणाले, "या जी बाई. अर्ज आणला काय? कुठी सही करू?"

मी चकित झाले. अशा ठिकाणी वडिलांची समजूत घालायला लागते, असा माझा अनुभव होता. वाटेत मी मनाशी चार मुद्दे क्रमाने तयार करून आणले होते. ते चारही तसेच राहिले. मी अर्ज मागवल्याचं यमुनेने घरी सांगितलं होतं, आणि डोमाजींनी शाळेच्या मास्तरांकडून आठवडाभर सही गिरवून ठेवली होती. जीभ दातांत धरून त्यांनी नाव लिहिलं, लांबून पाहिलं आणि म्हणाले, "डो जरा वाकडा झाला. चालते काय?"

"चालतो."

"मंग माह्यं काम झालं. मी जाळं वाळवतो."

घरात तिसरी व्यक्ती यमुनेची आजी, तुळसाबाई. यमुनेची आई लहानपणीच गेली, तिला आजीनेच वाढवलं. तुळसाबाई माझ्याच वयाच्या, पण पाठ माझ्याहून ताठ. दारात उभ्या राहून त्यांनी विचारलं, "आमच्या हातचं खाता काय जी, का कोरडा शिधा देऊ?"

"तुमच्या हातचं खाते. फक्त मासे आमच्या घरी होत नाहीत."

"मासोळी नाई खात, अन् ढिवराच्या घरी आल्या," त्या म्हणाल्या. "बसा. भात आहे, चुका आहे."

आंबट चुक्याची डाळ घातलेली पातळ भाजी, मोठ्या दाण्याचा भात आणि भाजलेली लाल मिरची. इतकं साधं आणि इतकं चांगलं जेवण मला नागपुरात मिळत नाही. यमुना आणि डोमाजी माझ्यासमोर झिंग्यांची चटणी खात होते. झिंगे म्हणजे वाळवलेले बारीक कोलंबीसारखे मासे. वास जोरकस असतो. मी खिडकीकडे तोंड करून बसले, तेव्हा तुळसाबाई उठल्या आणि त्यांनी माझं पान ओसरीवर नेऊन ठेवलं, आणि आपलंही माझ्याजवळ आणलं.

सहा चित्रं

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ओसरीवर बसलो. मी अर्ज, टाक, दौत आणि टीपकागद ओळीने मांडले. यमुनेने चित्रं एकेक करून जमिनीवर अंथरली आणि कोपऱ्यांवर खडे ठेवले.

ती चित्रं कशी होती ते तुम्हाला नीट सांगता यायला हवं. काजळी, गेरू, तळ्यातली पांढरी माती आणि वसतिगृहातून आणलेली निळ्या रंगाची एक वडी, एवढंच साहित्य. एकात मोहफुलं वेचणाऱ्या बाया होत्या, पण वरून पाहिलेल्या, झाडावर बसलेल्या पाखराला दिसाव्यात तशा. नुसते अंबाडे, पाठी आणि टोपल्या. एकात तळं खालून पाहिलं होतं. वर माणसांचे पाय, गुडघ्यापर्यंत, आणि खाली उतरत येणारं जाळं. मासे शांत होते. मी आयुष्यात पुष्कळ मुलांची चित्रं तपासली आहेत, आणि तुमच्यापुढे कबूल करते, हे पाहून माझे डोळे भरून आले. मी चष्मा पुसला आणि दाखल्याचा मजकूर वाचायला घेतला.

मजकूर इंग्रजीत होता. त्याचा अर्थ असा: सोबतची चित्रं मी स्वतः पाहिली आहेत, ती संपूर्णपणे अर्जदाराच्या हातची आहेत, त्यांना दुसऱ्या कुणाचाही हात लागलेला नाही.

टाक दौतीत बुडवला, आणि सवयीने पुन्हा एकदा चित्रांवर नजर फिरवली. तेव्हा कोपरे दिसले. प्रत्येक चित्राच्या खाली उजव्या हाताला, चार बोटांच्या जागेत, रेघ बदलत होती. यमुनेची रेघ बारीक आणि न थांबणारी. तिथली रेघ जाड, थरथरती, एकाच आकाराची: जाळ्याचे डोळे, एकाला एक लागून, कडेपर्यंत.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"ते आजीचं," यमुना म्हणाली, जसं काही मी कागद कुठून आणला असं विचारलं होतं.

"आजीचं म्हणजे?"

तुळसाबाई तांदूळ निवडत होत्या. "मी मिटवलं," त्या म्हणाल्या.

मग मला समजावून सांगण्यात आलं. तिघंही सांगत होती, कारण त्यांना मी इतकी शिकलेली असून मला हे ठाऊक नाही याचं नवल वाटत होतं. त्या घरी ज्याने जाळं विणायला घेतलं त्याने ते पुरं करायचं नसतं. शेवटचे चार बोटांइतके डोळे घरातलं दुसरं माणूस विणतं आणि गाठ मारतं; याला ते मिटवणं म्हणतात. सगळ्या ढिवरांत ही चाल आहे की नाही, मला माहीत नाही. डोमाजी म्हणाले की पलीकडच्या घरी नाही. पण तुळसाबाईंच्या घरी त्यांच्या आजेसासूपासून आहे.

"काऊन पण?" मीही त्यांच्यासारखंच विचारून बसले.

तुळसाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "ज्यानं विणलं त्यानंच मिटवलं, त जाळं त्याच्याच पोटापुरतं होते, बाई. दुसऱ्यानं मिटवलं त घराचं होते."

अंगणात दोरीवर जाळं वाळत होतं. डोमाजींनी त्याची कड उचलून दाखवली. शेवटची चार बोटं जागा वेगळ्या, काळपट सुतात होती. यमुना पहिलं चित्र काढून घरी आली तेव्हा तिने ते आजीपुढे ठेवलं होतं आणि आजीने विचारलं होतं, मिटवायचं कोणी?

मी टाक पुसून ठेवला. "यमुना, मग मला या दाखल्यावर सही करता येत नाही."

मजकुराचा अर्थ मी सांगितला.

डोमाजी म्हणाले, "बाई, तिथं कोणाले समजते? सही करून टाका."

"समजेल. मला समजलं."

"मंग कोपरा कापून टाकू. मासोळीचं डोकं कापतो तसं. चार बोटं त आहे."

"माह्या हाताचं कापता काय रे?" तुळसाबाई म्हणाल्या, आणि तांदळाचं सूप घेऊन आत गेल्या.

यमुनेने चित्रांवरचे खडे एकेक करून उचलले. "कापायचं नाही," ती म्हणाली. माझ्याशी ती चांद्याच्या शाळेतलं बोलत असे, घरच्यांशी घरचं, आणि आता दोन्ही एकत्र झालं होतं. "कापलेलं चित्र माझं नाई राहत. अन् खोटी सही तुमची नाई राहत. अर्ज राहू द्या, बाई."

ती चित्रं गुंडाळू लागली. मला त्या क्षणी एक जुनी गोष्ट आठवली. ती तुम्हाला सांगावी की नाही, हे मी ठरवू शकत नव्हते, पण सांगते. एका गावच्या शाळेत शिवणकामाच्या परीक्षेत एका मुलीने भरतकामाचा सुरेख रुमाल दिला होता. शेवटची ओळ वेगळ्या हाताची दिसत होती. विचारल्यावर तिने लगेच सांगितलं की आईची आहे. मी रुमाल रद्द केला. नियम होता. पुढच्या वर्षी ती मुलगी परीक्षेला आली नाही, आणि शाळेतही नव्हती. मी चुकले असं मला तेव्हा वाटलं नाही. अजूनही पूर्णपणे वाटत नाही. पण त्या ओळीचा हिरवा रंग मला आजतागायत आठवतो, आणि ती ओळ तिच्या आईने का घातली असेल, हे मी त्या मुलीला विचारलंच नव्हतं.

"थांब," मी यमुनेला म्हटलं. "अर्ज घेऊन मला उद्या सकाळी निघायचं आहे. आज अख्खा दिवस आहे. सहा चित्रांबद्दल मी जे खरं ते लिहीन. पण सातवं एक माझ्यासमोर काढ, पहिल्या रेघेपासून शेवटच्यापर्यंत. त्याची साक्ष मी देऊ शकेन."

सातवं

कागद तिच्याजवळ एकच उरला होता. ती मोहाखाली बसली. समोर अंगण, वाळणारं जाळं, खाटेवर मी. मी पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसले होते, तर म्हणाली, "बाई, तशाच बसा. तुम्ही बसता तशाच." म्हणजे आठ वर्षांनी पुन्हा तिच्या पाटीवर मीच.

दुपारी ऊन वाढलं तेव्हा ती आणि मी ओसरीवर आलो. तुळसाबाईंनी तिला एकदा आंबील दिली, माझ्याशी मात्र बोलल्या नाहीत. जाता-येता त्या चित्राकडे पाहत होत्या. एकदा थांबून म्हणाल्या, "बाईचं नाक मोठं काढलं."

"आहेच," यमुना म्हणाली.

"आहे त आहे. पावनी आहे, थोडं लहान कर."

मी हसले, आणि त्याही पदराआड हसल्या. त्यानंतर आमच्यात थोडं बरं झालं.

सूर्य तळ्यापलीकडे उतरायला लागला तेव्हा चित्र होत आलं होतं. अंगण होतं, जाळं होतं, आणि जाळ्यामागे एक चष्मेवाली बाई, जाळ्याच्या डोळ्यांतून तुकड्यातुकड्यांनी दिसणारी. नाक मोठंच होतं. खाली उजव्या हाताला चार बोटं जागा कोरी होती. यमुनेने कुंचला गेरूत बुडवला आणि तिथे नेला. कागदाला टेकवला नाही. परत आणला. पुन्हा नेला.

तुळसाबाई तिच्या शेजारी येऊन बसल्या होत्या. सवयीने त्यांचा हात कुंचल्यासाठी पुढे झाला, आणि मला पाहून त्यांनी तो मांडीवर ठेवला.

"मले नाई जमत, बाई," यमुना म्हणाली. "मी मिटवलं, त आजीनं आजवर मिटवलं ते सारं चुकीचं ठरते."

बोलायला माझ्याजवळ नियम होता, आणि तो माझा सकाळीच सांगून झाला होता.

बोलल्या त्या तुळसाबाई. "त ठेव तसंच."

"अपुरं?"

"अपुरं कायचं? मिटवणारा अजून भेटला नाई, एवढंच. इथी मी होती, मी मिटवलं. आता तू तिथी जाशीन. तिथी तुह्या घरी कोणी असन काय नाई? ते मिटवन." मग माझ्याकडे वळून, "असं लिवता येते काय तुमच्या कागदावर?"

"येतं," मी म्हटलं.

उजेड होता तोवर मी दाखला लिहिला. छापील मजकूर खोडला आणि खाली माझ्या अक्षरात लिहिलं: सहा चित्रांत प्रत्येकी खालच्या उजव्या कोपऱ्यातली सुमारे चार बोटं जागा अर्जदाराची आजी तुळसाबाई हिने, घराच्या चालीप्रमाणे, भरली आहे. बाकी सर्व अर्जदाराचं आहे. सातवं चित्र माझ्यासमोर काढलं असून संपूर्ण तिच्या हातचं आहे. त्याचा कोपरा त्याच चालीप्रमाणे कोरा ठेवला आहे. मग सही केली.

वाचून दाखवल्यावर तुळसाबाईंनी विचारलं, "माह्यं नाव गेलं काय त्याच्यात?"

"गेलं."

"मंग जाऊ द्या," त्या म्हणाल्या आणि दिवा लावायला उठल्या.

परत

नळीत सात चित्रं घेऊन मी निघाले. डोंग्यात बसताना मी छत्री आपण होऊन मिटली. नागभीडला स्टेशनमास्तरांच्या खोलीत माझी वळकटी उभी होती, गोंदियाची धूळ घेऊन. नागपूरला उतरले ती तशीच टपाल कचेरीत गेले आणि नळी नोंदणी करून पाठवली.

त्यानंतर सहा आठवडे मी काय केलं ते सांगत नाही. फक्त एवढंच की टपालवाल्याने मला एकदा विचारलं, "आजीबाई, नातवंडं आजारी आहेत का?"

उत्तर आलं त्यात दोन गोष्टी होत्या. नियमानुसार पहिली सहा चित्रं विचारात घेता येत नाहीत, असं लिहिलं होतं, आणि ती परत पाठवली होती. ते वाचून मला वाईट वाटलं. तळ्याखालचं ते चित्र त्यांनी मोजायलाच नकार दिला होता. पण सातव्या चित्रावरून अर्जदाराला प्रवेशाच्या परीक्षेला बोलावलं होतं. ते चित्र त्यांनी ठेवून घेतलं. डोमाजी तिला घेऊन गेले. जाताना नागपूरला एक रात्र माझ्याकडे राहिले, आणि वाळ्याच्या पडद्यांकडे बघून म्हणाले की माणसं घरात पाणी शिंपडून राहतात आणि आम्ही पाण्यातच राहतो, एकूण एकच.

यमुनेला प्रवेश मिळाला. परवा तिचं पत्र आलं. वर्गात पहिल्याच आठवड्यात तिने आपल्या चित्राचा कोपरा शेजारच्या मुलीला दिला. ती मुलगी समुद्राकाठची आहे, तिने तिथे लाटा काढल्या, आणि मग स्वतःच्या चित्राचा कोपरा यमुनेपुढे सरकवला. सरांनी दोघींना उभं केलं. यमुना लिहिते, "बाई, मी सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, परीक्षेत चालणार नाही. पण बाकीच्या दिवशी काय करायचं ते काही म्हणाले नाहीत. आजीला सांगा, इथी मिटवणारी भेटली." आजीला ते पत्र मास्तर वाचून दाखवतील. मी तसं लिहिलं आहे.

या पत्राबरोबर पार्सल आहे. त्यात दोन स्वेटर आहेत, मीराचा लाल आणि विनूचा निळा. तुमच्याकडची थंडी सुरू होण्याआधी पोचावेत. दोन्हींच्या गळ्याची शेवटची ओळ मी घातलेली नाही. टाके सुईवर तसेच आहेत, आणि सुयांच्या टोकांना बुचं लावली आहेत, म्हणजे वाटेत निसटणार नाहीत. विनूचा गळा मीराने मिटवायचा आणि मीराचा विनूने. विनूला विणता येत नाही हे मला ठाऊक आहे. आई शिकवील. ओळ वाकडी आली तर उसवू नका.

तुमची,
आजी